पुढे काय झालं

रविवारी दुपारी शकुनने वरणभाताचा पहिला घास कालवला आणि तिचा मोबाइल वाजला. घास ताटातच ठेवून, डाव्या हाताने फोन उचलून ती गॅलरीत गेली.

"बोमी कोराबेन ना," तिचा आवाज आत ऐकू आला. "एकदम ना."

आत जयप्रकाश आणि वैदेही या बापलेकींनी एकमेकांकडे बघितले. उलटी करायला लावू नका, हे वाक्य या घरात सगळ्यांना पाठ होते. शकुन शहरातल्या एका हॉस्पिटलच्या विषबाधा माहिती केंद्रात नर्स होती. नवऱ्याची रेल्वेतली बदली गार्डन रीचला झाली तेव्हा ती कोलकात्यात आली, आणि बंगाली शिकली ती या फोनवरच. बरोबर काम करणारी मीना तिला चिडवायची, की शकुनदीला बाजारात मासळीचा भाव करता येत नाही, पण उलट्या आणि जुलाब मात्र अगदी अस्खलित.

केंद्राचे काम सल्ला देऊन संपत नसे. कुणी काय प्यायले, त्यावर काय केले आणि पुढे काय झाले, हे सगळे दिल्लीला जायचे, देशभरच्या नोंदींत मिसळायला. कुठे कशाने माणसे दगावतात, कुठला उतारा कुठे पोचत नाही, ते त्यातून कळायचे. पण 'पुढे काय झाले' विचारायला फोन केला तर लोक उचलत नसत. पोलिसांचे लचांड मागे लागेल या भीतीने केंद्राचा नंबर दिसला की फोन वाजत राही. मग 'कळले नाही' असा शेरा मारून केस बंद होई.

हे दोन शब्द शकुनला सोसत नसत. ती स्वतःच्या मोबाइलवरून फोन करी, तोही नेमका जेवणाच्या वेळेला, आणि पेशंटचे नावसुद्धा काढत नसे. "भात खेयेछेन?" एवढेच विचारी. जेवलात का? ज्या घरात माणूस वाचला असेल तिथून उत्तर झटकन येई, काय शिजले होते त्याच्यासकट. जिथे वाचला नसेल तिथे कुणी बोलत नसे. मग शकुनही बोलत नसे. पलीकडचे रडणे संपेपर्यंत ती फोन धरून उभी राही.

ती आत आली तेव्हा वरणावर साय धरली होती. फोन कोलकात्याजवळच्या बजबजचा होता, केंद्रातून शकुनचा नंबर घेऊन केलेला. ज्यूट मिलच्या चाळीत राहणारी शेफाली, तिच्या तीन वर्षांच्या टुम्पाने सरबताच्या बाटलीत भरून ठेवलेले रॉकेल तोंडाला लावले होते. शेजारणी मिठाचे पाणी पाजायला निघाल्या होत्या. तसे केले असते तर ओकताना रॉकेल फुप्फुसांत गेले असते. आता मायलेकी हॉस्पिटलच्या वाटेवर होत्या. उद्या दुपारी विचारते, असे शकुनने तिला सांगितले होते.

"दिल्लीला आमचंही कळव," जयप्रकाश म्हणाले. "रविवारी वरण गार होऊन नवरा अत्यवस्थ."

शकुन हसली. स्वतःच्या ताटावर तिने दुसरे ताट पालथे घातले आणि बजबजच्या हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर कोण डॉक्टर आहे ते शोधायला पुन्हा फोन घेऊन बसली. तेवढ्यात वैदेहीची टॅक्सी आली. आई कानाला फोन लावूनच दारापर्यंत आली.

"रात्री वेळेवर जेव, आणि कळव."

"आई, मी तुझी केस नाहीये."

"माझ्या केसेससुद्धा तुझ्यापेक्षा लवकर फोन उचलतात."

रात्री आपल्या न्यू टाउनच्या फ्लॅटवर वैदेहीने लॅपटॉपसमोर बसून कालची पोळी गुंडाळून खाल्ली आणि आईला एका शब्दाचा मेसेज केला. जेवले.

सोमवारी सकाळी कामावर निघताना, वेणी घालता घालता शकुन पलंगावर कलंडली. अँब्युलन्स येईपर्यंत सगळे संपले होते.

दोन-तीन दिवसांनी मीना भेटायला आली. निघताना दारात थांबून तिने सांगितले, की बजबजची ती शेफाली केंद्राचा फोन उचलत नाही आणि हॉस्पिटलमध्ये धड कुणी सांगत नाही. शकुनदीची शेवटची केस 'कळले नाही' म्हणून जाणार.

सुतकात घरची चूल बंद होती. शेजारच्या बंगाली काकूंनी दिलेला डबा जयप्रकाशांसमोर तसाच पडला होता. वैदेहीने आईचा मोबाइल घेतला आणि ती गॅलरीत गेली. शेफालीचा नंबर लावला. दोन रिंगमध्ये उचलला गेला.

"दीदी! तुम्ही म्हणाला होतात, उद्या करते. मी रोज वाट बघते."

वैदेहीला बंगाली उत्तम येत होती. एक शब्द आठवेना. मग आठवला तो आईचाच प्रश्न.

"भात खेयेछेन?"

पलीकडे क्षणभर कुणी बोलले नाही. वैदेहीने गॅलरीचा गज धरला. मग भांडे आपटल्याचा आवाज आला आणि एक बारीक पोर कशासाठी तरी ओरडले. शेफाली हसत सांगू लागली, की मासा हवाय तिला, काटे काढून देतेय. ऑक्सिजन लावला होता, खोकला अजून आहे, पण आज सकाळीच घरी सोडले. मग एकदम थांबून तिने विचारले, "आणि दीदी, तुम्ही? तुमचं जेवण झालं?"

आपण दीदी नाही, तिची मुलगी, हे वैदेहीने कसेबसे सांगितले. दीदी गेली, हेही सांगितले. शेफाली काही बोलली नाही, पण तिने फोन ठेवला नाही. वैदेहीचे रडणे संपेपर्यंत ती तिकडे फोन धरून राहिली.

टुम्पा बरी होऊन घरी आली, असे वैदेहीने मीनाला कळवले. आत येऊन काकूंचा डबा उघडला. वडिलांना वाढले, स्वतःला वाढले आणि हात सवयीने तिसऱ्या ताटाकडे गेला. रविवारी त्याच्यावर पालथे घातलेले ताट पुढे कधी उचलले गेले का, ते तिला ठाऊक नव्हते. ती तेव्हा टॅक्सीत बसली होती.

ते रिकामे ताट तिने आईच्या जागी मांडले. जयप्रकाशांनी मान वर केली.

"आई," वैदेही मोठ्याने म्हणाली, "तू जेवलीस का गं?"