रेषेअलीकडची बारा मिनिटं

शेवटच्या रेषेच्या चाळीस पावलं अलीकडे आन्सेल्म बुलीनं गाडी कडेला घेतली, तेव्हा चार वाजायला बारा मिनिटं होती. इंजिनाच्या पोटात कधीचीच ठकठक सुरू झालेली. आणखी एक फेरी मारली असती, तर सगळं रस्त्यावर सांडलं असतं. ले माँच्या शर्यतीत असल्या जायबंदी गाड्यांची रीतच ही: रेषेअलीकडे थांबायचं, चारला चोवीस तास भरून झेंडा पडला की स्वतःच्या ताकदीवर ती ओलांडायची. ओलांडली तर निकालात नाव, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

आणि आन्सेल्मचं नाव निकालात एकदाही आलं नव्हतं. सहा वर्षांत सहा वेळा गाडी मध्येच बसली होती. मळणीयंत्रं दुरुस्त करता करता त्यानं आणि मेव्हणा फिर्मानं ही निळी गाडी घरच्याच वर्कशॉपात बांधली, तर गावातले टवाळ तिला 'अर्धा रस्ता' म्हणायचे. यंदाची शेवटची, असा शब्द त्यानं बायकोला दिला होता.

बायको ओदेत समोरच्या कठड्यामागे दोन घड्याळं आणि फेऱ्यांचा तक्ता घेऊन उभी होती. तिनं हात गरागरा फिरवून खूण केली. इंजिन चालू ठेव!

"तीस वर्षं इंजिनं उघडतोय आणि ही मला शिकवते," असं पुटपुटत त्यानं बटण बंद केलं. तापलंय बिचारं, जरा निवेल, असा त्याचा हिशेब. शहाणाच होता!

चारला चार मिनिटं असताना त्यानं सहज चाचणी घेतली. इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. आन्सेल्मनं खाली उडी मारून इंजिनाचं झाकण उघडलं. पंख्याचा वारा थांबताच इंजिनाच्या धगीनं पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली होती आणि ते पुढे सरकत नव्हतं. असल्या चुकीसाठी नवशिक्याच्या कानाखाली त्यानं स्वतः दोन लगावल्या असत्या.

"पाणी! पंपावर पाणी ओता!" तो ओरडला. कठड्यामागून फिर्मा बादली उचलून धावला.

"एक थेंब दिलात तर गाडी बाद," पंच शांतपणे म्हणाला. "रस्त्यावर चालकानं गाडीतलंच सामान वापरायचं."

"अहो, पाणी दहा पावलांवर तर आहे!" फिर्मा म्हणाला.

"ठेव ती बादली खाली!" ओदेत भावावर कडाडली. "आन्सेल्म, काय तोंड बघतोस? गाडीत बघ काय आहे ते!"

आन्सेल्मनं सीटमागे हात घातला. पान्हे, चिंध्या, आणि फडक्यात गुंडाळलेली सफरचंदाच्या दारूची बाटली.

"ए, ती माझी आहे!" फिर्मा ओरडला. "जिंकल्यावर प्यायला ठेवलीय!"

"मग आधी जिंकू दे की, लेका!"

आन्सेल्मनं गळ्यातला रुमाल पंपाला गुंडाळला आणि वर दारू धो धो ओतली. आंबूस वाफ नाकात शिरली. प्रेक्षक शिट्ट्या मारू लागले. कुणीतरी ओरडलं, "अरे, तिला चढेल!" आन्सेल्मनं मागे वळूनही पाहिलं नाही. गाडी त्यानं बांधली होती. तिला काय हवं ते त्याच्याइतकं कुणाला कळणार?

झाकण लावून तो आत बसला, तोच झेंडा पडला. मोठ्या गाड्या कानठळ्या बसवत निघून गेल्या. त्यानं बटण दाबलं. घरघर. मग एक खोकला, दुसरा, आणि इंजिनाच्या चारातली दोन नळकांडी पेटली! लंगडत, ठकठकत, माणसाच्या चालीनं निळी गाडी निघाली. चाळीस पावलं संपता संपेनात. पुढची चाकं रेषेवरून गेली, मागची गेली, आणि मगच इंजिनानं राम म्हटला.

तो उतरून कठड्याशी आला. ओदेत तक्त्यात वेळ लिहीत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"रडतेस कशाला? पोचलो ना!"

"म्हणूनच रडतेय, मेल्या," ती नाक पुसत म्हणाली. "सहा वेळा नव्हते रडले. आणि शेवटची म्हणालास ते विसर. पुढल्या वर्षी मी सांगितल्यावरच इंजिन बंद करायचं."