जांभळाचं दही

"आबा, पुन्हा पाणी सुटनं," पातेल्यावरचं झाकण काढून कोकिळा म्हणाली. दही रव्यासारखं दाणेदार झालं होतं, वर जांभळट पाणी तरंगत होतं.

झुलाल आबांनी नुसती मान हलवली. तोंडाच्या कॅन्सरसाठी दवाखान्यात चाललेली किरणांची शेकणी संपली तेव्हापासून ते धुळ्याला लेकीकडे होते. तिखट-खारट सोसत नव्हतं. चालायचं ते फक्त दही, आणि आता त्याचाही वीट आला होता. अंगावरचा सदरा दिवसेंदिवस सैल होत होता. परवा ते म्हणाले होते, "माले दही नही जोयजे. येक जांभूळ दे." ते चाखलं, आणि कोरडं तोंड असं आवळलं की डोळ्यांत पाणी आलं.

म्हणून कोकिळा दुधात जांभळाचा रस घालून विरजण लावून पाहत होती. ती डेअरीत दह्याचे डबे भरायची. दुसऱ्या दिवशी फुटलेलं दही घेऊन ती तिथल्या प्रयोगशाळेतल्या सुलक्षणा मॅडमकडे गेली आणि आबांचं सगळं सांगितलं.

मॅडमनी चमचाभर चाखलं. "रस दुधातच घातलात ना? जांभळात फ्लेव्होनॉइड, टॅनिन अशी द्रव्यं असतात. रंग आणि तुरटपणा त्यांचाच. ती प्रथिनांना धरतात. आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरलं की तोंड आवळतं."

"आणि दुधातल्या?"

"त्यांनाही धरतात. वर रस आंबट, म्हणून दही नीट बसत नाही. पण कोकिळाताई, दह्यातल्या प्रथिनांनी त्यांना आधीच धरून ठेवलं, तर तोंडाला कमी लागतील."

"म्हणजे आबांचा त्रास दही घेईल?"

मॅडम हसल्या. "तसंच म्हणा. आधी दही घट्ट लागू द्या. मग साल काढून नुसता गर हलक्या हातानं मिसळा आणि थोडा वेळ तसंच ठेवा. जमेलच असं नाही, पण करून बघा. आणि डॉक्टरांना एकदा विचारून घ्या."

डॉक्टर म्हणाले, झेपेल तेवढं द्या.

रविवारी दुपारी तिनं फिकट जांभळी वाटी आबांपुढे ठेवली. "चाखी देख."

आबांनी चमच्याचं टोक जिभेला लावलं. डोळे मिटले. कोकिळा त्यांच्या गालांकडे बघत राहिली. गाल आवळले नाहीत.

"कसं शे, आबा?"

"आखो दे."

आणखी मागत मागत वाटी संपली. मग ते नाक मुरडून म्हणाले, "पन जांभळं कच्चा शेतस. तुले निवडता येत नही. सकाय मी येसू."

सकाळी ते खरंच बाजारात आले. टोपलीपुढे वाकून एकेक जांभूळ दाबून बघत होते, नको ते बाजूला सारत होते. शेवटी फळवाली वैतागली. "ओ ताई, तुमचे वडील फार किटकिट करतात हो!"

"करू द्या," कोकिळा म्हणाली, आणि तिनं पिशवीचं तोंड आणखी मोठं केलं.