भागोजी तांडेलाचं अर्धं ताट

मचवा हाकणारा तांडेल भागोजी माझा शेजारी, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. एकोणीसशे तेवीस साली जयगडच्या खाडीत शिडाचं आडवं लाकूड, परबाण, निसटून त्याच्या डोक्यात मागून, उजव्या बाजूला बसलं. जखम महिन्यात भरली. पण मग ताटावर बसला की रोज एकच ओरडा, "आज पन मीठ नाय वाढलान! लोणचा नाय, चटणी नाय!"

तिन्ही जिन्नस ताटात डाव्या हाताला असायचे. ते तिथंच वाढायचे, ही त्याच्या आईची, येसूबाईची शिस्त. बोटभर इकडेतिकडे झालं तर ती घर डोक्यावर घेई. आता तीच ताटात मीठ दिसलं की सुनेला म्हणे, "ओरडल्यावर गुपचूप वाढलान, लबाड!"

त्याची बायको गोदा रडकुंडीला आली. शेवटी भावकी बसली. तांडेलाची नजर अधू म्हणायची कोणाची छाती? लांबचं गलबत तो अजून शिडावरून ओळखायचा. म्हणजे खोट बायकोत, हे पान खाऊन होईस्तोवर ठरलं. उद्या गोदाला माहेरी धाडायची, कायमची.

गोदा तडक उठली आणि गावात देवी टोचायला आलेल्या डॉक्टरांना घेऊन आली. ते जर्मन लढाईत बसऱ्याच्या फौजी इस्पितळात नोकरीला होते. त्यांनी भागोजीला समोर बघायला सांगितलं आणि एकेक डोळा झाकून बोट फिरवलं. डोळा कुठलाही झाका, डावीकडचं बोट त्याला दिसेना.

"डोळे उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण डोळ्यांनी आणलेलं चित्र मेंदूत मागच्या बाजूला उमटतं. डावीकडचं सगळं उजव्या भागात. तोच ठेचलाय. असे शिपाई मी पाहिलेत. अर्धं जग गेल्याचा त्यांना पत्ताही नसतो."

भावकी खो खो हसली. म्हणे नजर डोक्याच्या मागे! डॉक्टरांनी ताट वाढायला लावलं. पहिल्याच घासाला भागोजी मिठासाठी ओरडला, तशी त्यांनी ताट नुसतं अर्धं फिरवलं.

"बघा, मीठ! आत्ता वाढलान!" भागोजी गरजला. मग गोंधळला. "पन बांगडा खंय गेला?"

भावकी ताटावर वाकली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? येसूबाई मात्र लगेच सावरली. "मग हिनं आधीच ताट का नाय फिरवलान?"

गोदा राहिली. अर्ध्या जेवणात ताट आता ती फिरवून देते. आणि भागोजी ओरडायला लागला की उठून त्याच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहते. तो समोरच्या भिंतीवर ओरडत बसतो, आणि ती त्याच्याकडे बघून पोटभर हसते.