अंशतः खरे आहे

“आप्पा, तुमचं गिऱ्हाईक आलं बघा!” असं म्हणत साहेबांनी आपला मोबाइल ईश्वरप्पांच्या टेबलावर ठेवला. ईश्वरप्पा सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खणात टाकला, हात रुमालाला पुसले आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

गिऱ्हाईक म्हणजे विधानसभेचा प्रश्न. अधिवेशन नागपूरला भरो की मुंबईला, एखाद्या आमदाराने दवाखान्यांबद्दल काही विचारलं की तो प्रश्न मंत्रालयातून निघायचा आणि एकेक पायरी उतरत लातूरच्या ह्या आरोग्य खात्याच्या ऑफिसात, ईश्वरप्पांच्या पुढ्यात येऊन बसायचा. भर सभागृहात मंत्री ऐटीत उभे राहून जे वाचतात, ते कुठल्या तरी जिल्ह्यातल्या कुणा ईश्वरप्पाने सुपारी चघळत लिहिलेलं असतं. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार!

आणि ईश्वरप्पांचा ह्या कामात हात धरणारं कुणी नव्हतं. तरुणपणी ते नांदेडला होते, तिथले लोक अजून त्यांना फोन करायचे. त्यांची रीत साधी होती. नर्सबाईची जागा रिकामी आहे का, असं विचारलं आणि बाई कागदावर असली, तर ‘हे खरे नाही’. मग ती बाई पगार एका गावचा घेवो आणि बसो दुसऱ्याच गावात! अमक्यामुळे तमकं झालं का, असं विचारलं, तर दोन्हींच्या मधला सांधा तेवढा उखडायचा. हेही झालं, तेही झालं, पण ह्याच्यामुळे ते झालं असं म्हणता येणार नाही. आणि एकदा पहिलं खरं नाही म्हटलं, की खालच्या सगळ्यांना एकच उत्तर, ‘प्रश्न उद्भवत नाही’. मंत्री सुटले, साहेब सुटले, चहा मागवा.

‘होय, हे खरे आहे’ असं उत्तर ह्या ऑफिसातून गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ‘अंशतः खरे आहे’ कधीमधी जायचं, तेही साहेबांची झोप उडवून. थोडं कबूल केलं की आमदार उरलेलं उकरायला बसतात, अशी धास्ती.

हे बोलणं त्यांच्या घरातही शिरलं होतं. “अहो, आमटी खारट झाली का?” असं बायकोने, उज्ज्वलाबाईंनी विचारलं, तर हे खाली मान घालून म्हणायचे, “अंशतः खरे आहे.” लग्नानंतर बरीच वर्षं त्या हसल्या. हल्ली वाटीच उचलून नेतात.

तर त्या दिवशी ईश्वरप्पांनी सवयीने मोबाइल हातभर लांब धरला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “मौजे अंबुलवाडी, तालुका उदगीर, येथील आरोग्य उपकेंद्र कुलूपबंद असल्याने एका महिलेची प्रसूती रस्त्यात होऊन नवजात बालक दगावले, हे खरे आहे काय...”

पुढचं त्यांनी वाचलं नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“काय झालं आप्पा?”

“गाव माझ्या बहिणीचं हाय साहेब. आन् ते लेकरू... माझ्या भाच्याचं होतं.”

साहेब काही माणूस वाईट नव्हता. “अरेरे,” म्हणाले. मोबाइल उचलून म्हणाले, “आज नका करू. उद्या सकाळी बघू.”

अंबुलवाडीचं उपकेंद्र म्हणजे दोन खोल्यांची नवी इमारत. फीत कापली, फोटो निघाले आणि नर्सबाईला महिनाभरात उदगीरला ‘तात्पुरतं’ बोलावून घेतलं. तेव्हापासून दाराला कुलूप. पावसाळ्यात ईश्वरप्पांच्या भाच्याच्या, वीरेशच्या बायकोला, पुनमला कळा लागल्या. कुलूप बघून माणसं परत फिरली, जीप शोधण्यात वेळ गेला आणि उदगीरच्या अलीकडे, एका दाळमिलच्या फाटकापाशी पोरगी बाळंत झाली. मिलमधल्या बायका धावल्या, त्यांनी आपल्या लुगड्यांचा आडोसा धरला. बाळ रडलं होतं. मिलच्या बायका नंतरही सांगायच्या, चांगलं रडलं होतं. पण त्याला श्वास पुरेना आणि काय करायचं ते कळणारं तिथे कुणी नव्हतं. लिंगायतांच्या रीतीने गळ्यात लिंग बांधायलाही सवड मिळाली नाही. शेताच्या बांधाशी, चिंचेखाली त्याला माती दिली.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. रत्नम्मा ईश्वरप्पांपेक्षा मोठ्या. आई लवकर गेली, तेव्हा ह्याच अक्काने त्यांना न्हाऊ-माखू घातलेलं.

“ईश्वर, प्रश्न लागला म्हणं रं! आमदाराचा माणूस सांगून गेला.”

“तुला कसं म्हाईत अक्का?”

“मीच गेलते की त्याच्याकडं. च्यार खेपा घातल्या. तुला सांगितलं न्हाई, तू म्हणला असतास, कशाला झंजट.” अक्का मग आवाज बारीक करून म्हणाल्या, “पुनमचं काय खरं न्हाई बग. बायका कायबी बोलत्यात. भरल्या दिसात कळशी उचलली म्हून झालं, ह्यानं झालं, त्यानं झालं. आन् पोरीनं ते मनात घेतलंय. जेवत न्हाई, बोलत न्हाई, शेताकडं तर फिरकत बी न्हाई. म्हणती, माझ्यामुळंच गेलं. मी लई सांगितलं. पर सासूचं कोण ऐकतंय? म्हून म्हणलं, सरकारनंच सांगू दे. भर सभेत, समद्यांच्या म्होरं. कुलूप होतं म्हून गेलं. मंग तर पटंल का न्हाई तिला?”

“हाव,” ईश्वरप्पा म्हणाले.

“सरकारला खरं सांगावंच लागतं म्हणं तिथं.”

“हाव अक्का.”

ते उत्तर लिहिणारा माणूस फोनच्या ह्या टोकाला आहे, हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. जेवताना उज्ज्वलाबाईंनी विचारलं, “काय म्हणाल्या वन्सं?” तर ईश्वरप्पांनी वाटी तोंडाला लावली. आमटी खरंच खारट होती. तेही त्यांना कळलं नाही.

सकाळी त्यांनी मसुदा साहेबांपुढे ठेवला. वर चारच शब्द होते. होय, हे खरे आहे.

साहेबांनी उठून दार लावून घेतलं. “आप्पा, काय करताय हे? ‘होय’ लिहिलं की चौकशी लागेल. पहिली नोटीस त्या नर्सबाईला. तिला उदगीरला बोलावलं आपणच, आणि जाळ्यात अडकणार ती. दुसरी मला. आणि मग कुणीतरी विचारणार, हे लिहिलं कुणी, तर मयत बाळाच्या आजोबांनी! मार्चात रिटायर होताय. सुखानं व्हा ना.”

“पर खरं तेच हाय की साहेब.”

“मी कुठं नाही म्हणतोय? पण जागा भरलेली आहे का? आहे. बाळ उपकेंद्रात गेलं का? नाही. सांधा उखडायचा, हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच ना?”

ईश्वरप्पांनी नोकरीत कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं. “मंग साहेब, हे दुसऱ्या कुणाकडनं लिहून घ्या. ‘हे खरे नाही’ असं माझ्या हातानं व्हणार न्हाई.”

साहेब खुर्चीत बसले. दुसरं कुणी लिहिणारं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी साहेब म्हणाले, “अंशतः लिहा. कुलूप होतं, बाळ गेलं, दोन्ही कबूल करू. नर्सबाईला परत पाठवायचं पण टाकू शेवटी. पण मधला सांधा उखडायचा. ह्याच्यापुढं मला जाता येत नाही, आप्पा. शपथेवर सांगतो.”

ईश्वरप्पांना गहिवरून आलं. अंशतः! एवढ्या मोठ्या प्रकरणात! बाहेर येऊन त्यांनी ताठ बसून उत्तर लिहून काढलं आणि ते वर गेलं. मंत्रालयात कुणीतरी ते खोडून टाकील ही भीती होती, पण तेही झालं नाही. नांदेडहून त्यांचा जुना सोबती रामकिशन याचा फोन आला. “आप्पा, अंशतः काढलं म्हणं तुम्ही! अन् ते बी बालमृत्यूत! अहो काय कमाल करून राहिले! आम्ही असतो तर साहेबानं फाडून खाल्लं असतं.” त्या दिवशी ईश्वरप्पा घरी गाणं गुणगुणत गेले.

अधिवेशनात प्रश्नाची पाळी आलीच नाही. वरच्याच दोन-चार प्रश्नांवर गोंधळ झाला, तास संपला आणि बाकीची उत्तरं छापील स्वरूपात टेबलावर ठेवली गेली. मंत्र्यांनी अंबुलवाडीचं नाव तोंडाने घेतलंच नाही. पण उत्तर छापलं गेलं आणि नर्सबाई आठवड्याचे दोन दिवस गावात येऊ लागली. ईश्वरप्पांना वाटलं, आता अक्काला तोंड दाखवायला हरकत नाही. रविवारी ते निघाले. उदगीरच्या स्टँडवर त्यांना पेढे घ्यावेसे वाटले. मग आपलीच लाज वाटून त्यांनी केळी घेतली.

अक्का अंगणात तुरी बडवत होत्या. भावाला बघून त्यांनी काठी टाकली आणि पदराने तोंड पुसलं. “आलास? बरं झालं. नर्सबाई येती बग आता. कुलूप निघालं. चांगलं झालं ते.” मग आत बघून त्या म्हणाल्या, “पुनम, मामा आलेत, पाणी आण. आन् बस हितं. ऐक काय म्हणलंय सरकारनं.”

पुनम पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि उंबऱ्याशी उभी राहिली. केवढी वाळली होती पोरगी! बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

ईश्वरप्पांनी खिशातून कागद काढला. “मंत्र्यांचं उत्तर आलंय. अक्का, लई अवघड काम होतं बरं का. आजपतुर कधी...” आणि त्यांनी वाचलं. “अंशतः खरे आहे. उपकेंद्र काही काळ बंद होते व सदर महिलेची प्रसूती रस्त्यात होऊन बालक दगावले. तथापि, उपकेंद्र बंद असल्यामुळे सदर घटना घडली, असे म्हणता येणार नाही.”

“अंशतः म्हंजे?” अक्कांनी विचारलं.

“म्हंजे... थोडं खरं हाय.”

“थोडं?”

“थोडं खरं, थोडं न्हाई.”

अक्का म्हणाल्या, “लेकरू गेलं, ते थोडं गेलं का रं?”

ईश्वरप्पा सावरून सांगू लागले की अक्का, तसं नसतं, एवढं पण कुणी कबूल करत नाही, ह्याच्यासाठी मी साहेबांशी भांडलो, हे मी स्वतः... आणि ते बोलता बोलता थांबले. कारण उंबऱ्याशी उभ्या असलेल्या पुनमने मान हलवली होती. ठाऊकच होतं, अशी.

“कुलपामुळं न्हाई, असं हाय का मामा त्यात?” ती हळू आवाजात म्हणाली. “मंग बराबर हाय. मीच म्हणत होते आत्याबाईंना. माझंच चुकलं कायतरी.”

तिने तांब्या खाली ठेवला आणि आत जायला वळली.

मंत्री सुटावेत, साहेब सुटावेत म्हणून आजवर ईश्वरप्पांनी किती सांधे उखडले! प्रत्येक वेळी उरलेलं ओझं कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसत असणार, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. ते उठले. केळ्यांची पिशवी मांडीवरून खाली पडली.

“पुनम, थांब. आगं थांब पोरी. हे मीच लिहिलंय. मंत्र्यानं न्हाई, मी. लातूरच्या टेबलावर बसून ह्या हातानं लिहिलंय. ते खरं न्हाई. कुलूप होतं म्हून बाळ गेलं. बाई असती तर जगलं असतं. तुझं काय बी चुकलं न्हाई. कळशीचं न्हाई, कशाचंच न्हाई. कुलपामुळं गेलं.”

पुनम दारातच थांबली. तिने वळून मामांकडे पाहिलं.

“परत म्हणा मामा.”

“कुलपामुळं गेलं.”

“परत म्हणा.”

“होय पोरी. हे खरं हाय. सगळं खरं हाय.”

अक्का मटकन तुरीच्या ढिगावर बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडू लागल्या. पुनम मात्र रडली नाही. पुढे येऊन तिने मामांसाठी आणलेला तो भरलेला तांब्या उचलला, पायात चपला सरकवल्या आणि अंगणातून बाहेर पडली.

“कुठं निगाली ही?” ईश्वरप्पांनी विचारलं.

अक्कांनी हाताने त्यांना गप्प बसवलं. पावसाळ्यापासून जी वाट पुनमने टाकली होती, त्याच वाटेने, पाणी सांडू नये म्हणून तांब्यावर हात धरून, ती बाळाच्या चिंचेकडे चालली होती.