चार मीटरची चूक

कोरड्या वर्षाच्या ऐन उन्हाळ्यात नदी एका दिवसात चार मीटर चढली आणि दुसऱ्या दिवशी निमूट खाली उतरली. आलेखात ते सुळक्यासारखं दिसत होतं. साठ वर्षांच्या पाणीपातळीच्या वह्या संगणकात उतरवण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे नदी मीच चढवली होती.

शोधल्यावर आणखी चाळीस चुका निघाल्या. मी कबुली द्यायच्या बेतात होतो. सकाळी दोनदा ताडून पाहिलेली ओळ संध्याकाळी चुकीची दिसे; अशा माणसाने स्वतःच्या डोक्यावर किती भरवसा ठेवायचा? आमच्या वरिष्ठ बाईंनी तरीही यंत्र तपासायला सांगितलं. शुक्रवारपर्यंत दोष यंत्रात सापडला नाही, तर वह्या दुसऱ्याकडे जाणार होत्या.

तपासायला आला तो कचेरीचा संगणकवाला. त्याला सगळे डॉक्टर म्हणत, आणि ते थट्टेने म्हणतात हे त्याला कधी कळलं नाही. सकाळी दहाला येऊन त्याने यंत्राचं झाकण उघडलं, टेबलफॅन त्यावर रोखला, मेमरीची चाचणी दहा मिनिटं चालवली आणि रॅम ठणठणीत असल्याचं जाहीर केलं. मग त्याने कीबोर्ड बदलला, जे प्रोग्रॅम बिघडलेले नव्हते ते सगळे पुसून पुन्हा भरले आणि अहवालात ‘मानवी चूक’ असं लिहिलं. लिहिताना त्याने माझ्याकडे पाहिलं.

चुका दुपारनंतर होतात, तेव्हा झाकण लावून, यंत्र तापल्यावर तपासावं, असं मी त्याला सांगणार होतो. दोन दिवस वाक्य जुळवत होतो. प्रत्यक्षात “दुपारी तपासलं तर...” एवढंच तोंडातून निघालं.

“का हो काका, रॅमला जेवल्यावर डुलकी लागते का?” डॉक्टर म्हणाला. कचेरी हसली. मीही हसलो, त्याची अजून लाज वाटते.

माझी लेक एका कारखान्यात सर्किट दुरुस्त करते. धीर देणं तिच्या स्वभावात नाही. तिने चुकांची यादी मागितली. वहीत काय आणि संगणकात काय, अशी यादी मी केलेली होतीच. ती पेन्सिल फिरवत गेली. शून्याचा चार, एकाचा पाच, दोनाचा सहा, तिनाचा सात. नवाच्या जागी तर बरोबरचं चिन्ह. चार ते सात हे आकडे मात्र एकदाही बिघडले नव्हते. संगणक प्रत्येक आकडा शून्य आणि एक अशा खुणांनी साठवतो, असं तिने सांगितलं. यंत्र तापलं की मेमरीतल्या एखाद्या जागी चाराची खूण अडकून चालूच राहत असणार. चार ते सात या आकड्यांत ती आधीच असते; बाकीच्यांत चाराची भर पडते, आणि नवात भर पडली की आकडे संपून चिन्ह येतं.

“बाबा, तुमच्या कपाटातला पसारा बघा,” ती म्हणाली. “तुम्ही इतक्या शिस्तीत चुकणार?”

गुरुवारी ती रजा टाकून आली. बाईंची परवानगी घेऊन, झाकण बंद ठेवून, तिने बाराला चाचणी लावली. डॉक्टर हाताची घडी घालून उभा राहिला. सव्वा तास काहीच झालं नाही. मी मनात त्याची माफी मागायचे शब्द जुळवू लागलो. तेवढ्यात पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या, आणि प्रत्येक ओळीत तीच एक खूण चुकलेली.

डॉक्टर म्हणाला, विजेचा दाब कमीजास्त होत असेल. लेकीने यंत्र बंद करून झाकण उघडलं. यंत्रात रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. त्या काढून तिने एकेक लावून पाहिली. पहिली दीड तास बिनचूक चालली. दुसरीने पुन्हा लाल ओळी काढल्या. तिने तीच पट्टी शेजारच्या खाचेत लावली, तरी तेच.

“खाच बरी आहे, पट्टी गेलीय,” असं म्हणून तिने ती डॉक्टरच्या तळहातावर ठेवली. त्याला हा संशय म्हणे पहिल्यापासून होता. अहवालात जागा पुरली नसावी.

शुक्रवारी मी यादी बाईंसमोर ठेवली. एक्केचाळीसपैकी अडतीस चुका त्या पट्टीच्या. उरलेल्या तीन हिशोबात बसत नव्हत्या. त्या माझ्या होत्या. पुसट शाईतला तीन मी आठ वाचला होता. त्या मी वेगळ्या कागदावर लिहून आणल्या होत्या.

डॉक्टर पुढे वाकला. “बघा, मी तेच म्हणत होतो.”

यातल्या किती चुका तू स्वतः ताडून पाहिल्यास, असं बाईंनी त्याला विचारलं. तो खिशात मोबाइल शोधू लागला.

“उरलेल्या वह्या तुम्हीच पुऱ्या करा,” बाई मला म्हणाल्या. “पण आधी डोळे तपासून घ्या.”

संध्याकाळी घरी जाताना मी चष्म्याच्या दुकानात शिरलो. नंबर खरोखरच वाढला होता.