ओके दाबा, काही होत नाही

मच्छीमार संस्थेच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस मी अर्ध्या तासात काढला. संस्थेचा वार्षिक अहवाल ज्या दुकानात टाइप झाला, त्याच दुकानाच्या पेन ड्राइव्हमधून तो आला होता. अहवालात मात्र त्याचा उल्लेख नव्हता. संस्थेचे सचिव तुलाराम नान्हे सीपीयू दुपट्ट्यात बांधून, मोटारसायकलवर मागे बसून, कोंढ्याकडच्या आपल्या गावाहून पवनीला माझ्या दुकानात घेऊन आले होते. मी साफ करून दिला. साफ केल्यावर मशीन एकदा बंद करून पुन्हा चालू करून बघायचं असतं. मी बघितलं नाही. सचिवांना परत जायची घाई होती, असं मी स्वतःला सांगितलं. ते तर निवांत बाकावर बसून दुकानातलं कॅलेंडर वाचत होते.

आठ दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी सीपीयू नव्हता, संस्थेची आवक नोंदवही होती. सोबत गुणाबाई, संस्थेच्या संचालक. तलावात जाळं टाकणाऱ्या बायांपैकी सभेत बोलणारी एकटीच.

"धर्मेंद्रभाऊ, त्यानं पत्र पाठवणं सोडलं नाई," तुलारामजी म्हणाले.

"कोणी?"

"कॉम्प्युटरनं."

त्यांनी वही उघडली. कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर एक चौकट यायची. अमुक नावाची स्क्रिप्ट फाईल सापडत नाही, एवढाच इंग्रजी मजकूर आणि खाली एकच बटन, ओके. तुलारामजी पूर्वी राइस मिलमध्ये कारकून होते. आलेला कागद नोंदल्याशिवाय हातावेगळा करायचा नाही, ही त्यांची शिस्त. आठ दिवसांत चौकट अकरा वेळा आली होती आणि अकराही वेळा तिला आवक क्रमांक मिळाला होता. विषयाच्या रकान्यात 'फाईल सापडत नसलेबाबत'. कार्यवाहीच्या रकान्यात 'बटन दाबले नाही. स्विच काढला.'

"ओके काहून नाही दाबलं?"

"ओके म्हणजे मंजूर ना?"

मी हसलो. गुणाबाई हसल्या नाहीत.

"हसाले काय झालं? आमचा आंगठा एकदा गेला आहे," त्या म्हणाल्या. "जाळेवाटपाचा कागद आहे म्हणून घेतला त्या ठेकेदारानं. दोन वर्षं आमच्याच तलावातली मासोळी त्याच्या गाडीत भरून गेली. आमी बांधाच्या पाळीवर उभे राहून पाहून राहिलो."

ही गोष्ट मला माहीत होती. तेव्हापासून संस्थेचा नियमच होता. सभेत वाचून दाखवल्याशिवाय कशावरही आंगठा नाही, सही नाही. कॉम्प्युटर आल्यावर तुलारामजींनी तो नियम त्यालाही लागू केला. ओकेवर ठराव घ्यायचा, तर ज्याला मंजुरी द्यायची ती फाईल काय आहे हे सभेला सांगावं लागणार. आणि कॉम्प्युटर तर स्वतःच म्हणत होता, ती सापडत नाही. सभा तीनदा तहकूब झाली. इकडे तलावाच्या ठेक्याच्या नूतनीकरणाचा अर्ज यंदा पहिल्यांदाच ऑनलाइन भरायचा होता. महिनाअखेरची मुदत होती. अठ्ठावीस घरं त्या एका तलावावर खात होती.

मी समजावून सांगितलं. "व्हायरस मेला. पण जाण्याआधी तो कॉम्प्युटरला सांगून गेला होता, रोज उठल्यावर मला हाक मार. ती सूचना राहून गेली. कॉम्प्युटर हाक मारते, कोणी ओ देत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. बस एवढंच."

"मंग ते सूचना काढून टाका."

पाच मिनिटांचं काम होतं. पण त्यासाठी बारा किलोमीटर जावं लागलं असतं.

"कायले?" मी म्हणालो. "ओके दाबा. काही होत नाही."

"काहीच नाई?"

"काहीच नाही. ते बटन म्हणजे वाचलं, एवढंच. येऊ दे चौकट, दाबा ओके. डोळे मिटून दाबा."

तुलारामजींनी मला हे पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. गुणाबाई म्हणाल्या, "शिकल्या माणसाच्या भरोशावर आहो, बाबू." मी त्याला प्रशस्ती समजलो.

त्यानंतर तुलारामजी रोज सकाळी कॉम्प्युटर चालू करून ओके दाबत. पहिल्या दिवशी म्हणे त्यांनी आधी हात धुतले. पुढे सवय झाली. नोंदवहीतल्या नोंदी थांबल्या. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

मुदतीच्या दोन दिवस आधी त्यांनी अर्ज भरला. सभासदांची नावं, तलावाचं क्षेत्र, सगळं कागदावर पाहून एकेका बोटानं. एक रकाना राहिला. आतापर्यंत ठेका असलेली संस्था म्हणून अग्रहक्क, म्हणजे तलावावरचा पहिला हक्क, सांगणार का, असा तो रकाना होता आणि पानाच्या अगदी तळाशी होता. अर्ज पाठवताना चौकट आली. इंग्रजीच. अग्रहक्काचा रकाना भरलेला नाही, तो सोडला असे धरून तलाव खुल्या लिलावाला जाईल, पुढे जायचे? खाली ओके होतं. त्याच्या शेजारी आणखी एक बटन होतं.

तुलारामजींनी ओके दाबलं.

पोचपावतीचा कागद बाहेर आला तो मराठीत होता. तो त्यांनी वाचला. दुसऱ्या दिवशी ते भंडाऱ्याला कार्यालयात गेले. तिथल्या बाबूनं पडदा त्यांच्याकडे फिरवून दाखवला. संमती नोंदली गेली होती, वेळेसकट. कोणी जबरदस्ती केली होती का, असं विचारलं. तुलारामजी नाही म्हणाले.

मला गुणाबाईंचा फोन आला तेव्हा मी लगेच निघालो. बारा किलोमीटर वीस मिनिटांत झाले.

संस्थेच्या खोलीत पंधरावीस माणसं उभी होती. कोणी भांडलं नाही. भांडले असते तर मला बोलायला काहीतरी सापडलं असतं. मी पावती वाचली. मग माझ्या ओळखीच्या दोघांना फोन केले. दोघांनीही हळहळ व्यक्त केली.

"काही होते का?" तुलारामजींनी विचारलं.

"लिलावात बोली लावता येईल."

"मोठ्या ठेकेदाराच्या समोर?"

मी पावतीची घडी घालून टेबलावर ठेवली.

"तुमच्याकडं बोट नाई दाखवत," ते म्हणाले. "बटन म्याच दाबलं. आता आलेच आहा तं ते चौकट काढून द्या."

मी बसलो. कॉम्प्युटर चालू केला, चौकट आली, मी ओके दाबलं. सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या गोष्टींची यादी उघडली. त्यात नसलेल्या फाईलचं नाव होतं, ते पुसलं. तशीच एक नोंद ठरल्या वेळच्या कामांमध्ये लपली होती, तीही काढली. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. या वेळी बघितलं. पडदा स्वच्छ आला.

गुणाबाई दाराशी उभ्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, "एवढंच होतं काय हे?"

"हो."

"मंग तवा काहून नाई आले, भाऊ?"

"दुकान असते ना त्यायचं, बाई," तुलारामजीच बोलले. "सोडून कसे येतीन?"

ते नोंदवही घेऊन आले त्या दिवशी दुकानात एक प्रिंटर होता आणि तो दुरुस्त झालेला होता. हे मी सांगितलं नाही. बाहेर कोणीतरी म्हणालं, लिलावाआधी निघते तेवढी मासोळी काढून घेऊ. माणसं जाळी घ्यायला पांगली. तुलारामजी माझ्यासाठी चहा सांगायला गेले.