शाळेपुरतं श्रवणयंत्र

मी एक श्रवणयंत्र बोलतोय. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकण्यात गेलं, तेव्हा आता चार शब्द माझेही ऐका.

माझा जन्म १९८६ साली वागळे इस्टेटमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. काडेपेटीहून जराशी मोठी डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला कानात घालायचं बटण, एवढाच माझा संसार. पोटात पेन्सिल सेल घातला की मी जागा होतो. मला जोडणाऱ्या बायका हात चालवता चालवता घरच्या गोष्टी बोलत, त्यामुळे सासू, नणंद आणि रेशनचं रॉकेल या विषयांची ओळख मला जन्मतःच झाली.

अपंग मुलांनी इतरांबरोबर साध्या शाळेत शिकावं म्हणून सरकारने तेव्हा एक योजना चालवली होती. त्या योजनेच्या पैशातून माझी खरेदी झाली आणि मी ठाण्याच्या खाडीकाठी महापालिकेच्या एका शाळेत पोचलो. तिसरीतल्या रतनसाठी मी आलो होतो. ती कोळीवाड्यातली नऊ वर्षांची मुलगी. जन्मापासून तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, आणि म्हणून बोलताही येत नव्हतं. शाळेत ती शेवटच्या बाकावर बसून फळ्यावरचं सुबक अक्षरात उतरवून घेई.

तिच्या वर्गाच्या कलावतीबाईंनी मला तिच्या फ्रॉकवर कापडी पिशवीत बांधलं, बटण कानात बसवलं आणि फळ्याकडे वळून तारीख लिहायला घेतली. रतन ताडकन उभी राहिली. खडूला आवाज असतो हे तिला माहीत नव्हतं. तिने बाईंच्या हातातून खडू घेतला, एक रेघ ओढली, मग दुसरी ओढली. त्या दिवशी गणित राहून गेलं.

शाळेचे मुख्याध्यापक शिवराम गुरुजी. माणूस सरळ, पण भित्रा. सरकारी वस्तू म्हटली की त्यांना घाम फुटे. आधीच्या शाळेत एक दुर्बीण हरवली तेव्हा खुलासे लिहून लिहून त्यांची बोटं दुखली होती. आता निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. निवृत्त होताना प्रत्येक वस्तू धडधाकट ताब्यात दिली नाही तर पेन्शन अडकतं, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ होतं. म्हणून त्यांनी माझ्यासाठी नियम केला. सकाळी घंटा झाली की मी रतनच्या कानात, आणि शाळा सुटली की कपाटात. कपाटात माझ्या शेजारी कधीच न वाजलेली एक ढोलकी होती. तिची कातडी अगदी नवी कोरी होती.

असा मी शाळेपुरता झालो. रविवार आणि सणवार मी कपाटात काढले, मे महिना तर अख्खा. रतन जूनमध्ये परत आली तेव्हा आधी शिकलेले निम्मे शब्द विसरली होती. कलावतीबाईंनी कपाळावर हात मारला आणि 'पाणी', 'पाटी'पासून पुन्हा सुरुवात केली. मला घरी नेऊ द्यावं म्हणून त्यांनी गुरुजींना दोनदा विनवलं. गुरुजींनी दोन्ही वेळा त्यांना दुर्बिणीची गोष्ट ऐकवली.

माणसांची एक खोड माझ्या लक्षात आली आहे. बहिऱ्या माणसासमोर ती एक तर ओरडतात, नाही तर तो तिथे नाहीच असं समजून वाटेल ते बोलतात. त्या शाळेतलं कोण कोणाविषयी काय बोललं, हे सगळं मला ठाऊक आहे. सांगणार नाही. घेतलेला आवाज नेमून दिलेल्या कानातच सोडावा, एवढी शिस्त मी पाळली आहे.

आता रतनच्या आईविषयी. तिचं नाव चंद्रभागा. ती टेंभी नाक्याकडे दारोदार मासळी विकायची. योजनेतून मी मिळालो, पण माझा सेल कोणी द्यायचा याचा विचार योजना करणाऱ्यांनी केला नव्हता. तो चंद्रभागा आणी. दर शनिवारी शाळेच्या फाटकाशी मासळीची पाटी उतरवून, हात पदराला पुसून ती नवा सेल बाईंच्या हाती देई. तिच्या सेलवर मी शाळेतल्या सगळ्यांचे आवाज रतनला ऐकवले. तिचा तेवढा राहिला होता.

रतन चौथीत गेल्यावर एका शनिवारी चंद्रभागा फाटकावरून परतली नाही. थेट गुरुजींच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, पोर तुमचं आयकतं, बायचं आयकतं. माजा आवाज तिनं कंदी आयकलाच नाय. मना तिला येक सांगाचं हाय."

गुरुजींनी नियम समजावला. ती हलेना. शेवटी, इथेच माझ्यासमोर काय ते बोला, असं म्हणून त्यांनी रतनला कलावतीबाईंबरोबर बोलावून घेतलं.

चंद्रभागाने माझ्याजवळ तोंड आणलं आणि रोज घरी मारते तशी हाक मारली. मी दुबळा आवाज मोठा करणारं यंत्र. तो आवाज दुबळा नव्हता. रतन कळवळून ओरडली, तिने बटण उपसून फेकलं आणि दोन्ही कान दाबून बाईंच्या मागे लपली. चंद्रभागाचा चेहरा उतरला. इतकं वाईट मला पुन्हा कधी वाटलं नाही.

हळू बोला, बाई म्हणाल्या.

"तिच्याशी हलू कसं बोलतात ते मना म्हाईत नाय," चंद्रभागा म्हणाली. "धा वरसं मी वरडतंच हाय."

गुरुजींनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी मला उचललं, रतनच्या पिशवीत घातलं आणि कपाटाची किल्ली खिशातच ठेवली. तेवढ्यानं त्यांची झोप उडाली असणार, पण मी रोज घरी जाऊ लागलो.

घरी चंद्रभागा हळू बोलायला शिकली. शेजारणींना तिची थट्टा करायला विषय मिळाला. बाजारात दहा जणींना गप्प करणारी बाई चुलीपुढे पुटपुटत बसायची. आज बोंबील कोणी घेतले, कोणी नुसतेच हाताळले, ती स्वतः दुसरीत शाळेतून कशी पळाली, सगळं ती लेकीला सांगे. जे सांगायचं होतं ते मात्र तिच्या ओठांवर येऊन परत जाई.

खाडीची खारी हवा मला मानवली नाही. वर्षाच्या आत पोटात गंज चढला आणि एका सकाळी माझं बटण मुकं झालं. मला ऐकू येत होतं, पण पुढे पोचवता येत नव्हतं. रतनला ते लगेच कळलं. तिने कोणालाही सांगितलं नाही. संध्याकाळी आई बोलू लागली की ती तिच्या ओठांकडे बघत मान हलवत राही.

पाचव्या दिवशी चंद्रभागाने ते सांगितलं. रतन दोन वर्षांची असताना हाक मारूनही वळत नाही, हट्टी आहे, म्हणून तिने पोरीला उलथन्याने मारलं होतं. पोरीला ऐकूच येत नाही हे नंतर कळलं. "मना म्हाईत नव्हतं गो," ती म्हणाली आणि रडली. रतनने तिचे डोळे पुसले, पण आई का रडते आहे हे तिला कळलं नव्हतं. ओठ थरथरत असले की ते वाचता येत नाहीत.

आठव्या दिवशी कलावतीबाईंनी पाठमोरं उभं राहून शब्द विचारले आणि बिंग फुटलं. गुरुजींनी चंद्रभागाला बोलावून घेतलं. यंत्र आठ दिवस बंद आहे, हे ऐकून तिने बोटांवर मागचे दिवस मोजले. गुरुजींनी रतनकडे वळून, तोंडाची स्पष्ट हालचाल करत विचारलं, तू सांगितलं का नाहीस?

रतनने शब्द जुळवायला वेळ घेतला.

"आय बोलत होती," ती म्हणाली.

गुरुजींनी त्याच दुपारी नव्या यंत्राचा अर्ज लिहिला. मी कसा बिघडलो या प्रश्नापुढे त्यांनी 'रोजच्या वापराने' असं लिहून खाली सही केली. निवृत्तीला चार महिने राहिले होते.

आता मी कपाटात ढोलकीशेजारी आहे. मला दुरुस्त करा, असं मी म्हणत नाही, माझं आयुष्य संपलं. एवढंच मागणं आहे की अर्ज कुठल्या टेबलावर अडकला असेल तर तो पुढे सरकवा. चंद्रभागाला ती गोष्ट पुन्हा सांगायची आहे. मी ती अथपासून इतिपर्यंत ऐकली आहे, पण नुसतं मी ऐकून काय उपयोग?